बर्फाच्या खणामागचा पंप

जुन्या मच्छीमार बोटीवरचा पंप दुरुस्त करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ तो शोधायला लागतो. हे सांगितलं की आमच्या खारघरच्या सोसायटीतले लोक हसतात. त्यांना पंप म्हणजे गेटजवळची खोली, दारावर ‘पंप रूम’ अशी पाटी आणि किल्ली वॉचमनकडे. बोटीवर असं काही नसतं. जिथे जागा उरते तिथे पंप बसतो. आधी इंजिन, मग डिझेलची टाकी, मग बर्फ आणि मासळीचे खण, मग जाळी, मग माणसं, आणि या सगळ्यांतून जी फट शिल्लक राहील तिच्यात पंप.

त्यात बोट जुनी असली की तिचं इंजिन एकदा-दोनदा बदललेलं असतं. प्रत्येक मिस्त्री आपला पंप आपल्या सोयीने लावतो आणि आधीचा काढून टाकायचा कंटाळा करतो. त्यामुळे फळ्यांच्या खाली जिवंत पाइप आणि मेलेले पाइप एकमेकांत गुंतून पडलेले असतात. सुरुवातीच्या काळात मी एका बोटीवर सकाळपासून जेवणापर्यंत घाम गाळून एक पंप खोलला, साफ केला, बेअरिंग घातली, जोडला. तो कशालाच जोडलेला नव्हता. बोटीचा मालक वर बसून बघत होता. त्याला वाटलं, मिस्त्री काहीतरी पुढचा विचार करतोय.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तळोज्यातल्या एका कारखान्यात पंपांच्या देखभालीवर बरीच वर्षं होतो, नंतर रबाळ्याला पंप दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलं. बोटींशी संबंध आला तो लग्नामुळे. सुनंदा, माझी बायको, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील धर्मा नाखवा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. मी त्यांना मामा म्हणतो. परजातीचा, परगावचा, समुद्र न पाहिलेला जावई त्यांनी फार कुरकुर न करता पदरात घेतला. त्याची परतफेड म्हणा, मी त्यांच्या बोटीच्या पंपांना हात लावायला लागलो आणि मग आसपासच्या बोटीही यायला लागल्या.

बोटीवर मुख्य पंप दोन. एक इंजिनाचा. तो खाडीचं पाणी आत ओढतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि गरम पाणी बोटीच्या कुशीतल्या पाइपातून बाहेर टाकतो. हे पाणी पडताना दिसलं की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, निश्चिंत असतो. दुसरा पंप तळातलं पाणी उपसणारा. लाकडी बोट थोडं पाणी घेतेच, त्यात लाज नाही. लाज कधी, तर जास्त घ्यायला लागली की. मग मालक ते लपवतात. घरातलं दुखणं सोयरिकीच्या वेळी लपवतात तसंच. कारण बोट पाणी घेते असं एकदा धक्क्यावर पसरलं की चांगले खलाशी त्या बोटीवर चढत नाहीत.

मामांच्या बोटीबद्दल असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. बोट त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, सागाची, वरून फायबरचा थर दिलेला. मामा स्वतः आता समुद्रावर जात नव्हते, गुडघे गेले होते. बोट माझा मेव्हणा महेश चालवायचा. पण मामा रोज सकाळी धक्क्यावर. लग्नकार्यात चार माणसं जमली की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, आमची बोट वाटीभर पानी घेत नाय. म्हणताना ते हाताची वाटी करून दाखवायचे.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते तो दिवस सगळ्या कोळीवाड्यात गडबडीचा. जाळी चढतात, डिझेल भरतं, बर्फाचे ट्रक येतात. त्या वर्षी नेमकं आदल्या दिवशी इंजिन तापायला लागलं. महेशचा फोन आला, “भावोजी, उद्या दुपारच्या भरतीला निघायचंय, बघून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. दुखणं साधं होतं. इंजिनाच्या पंपात रबराचा पंखा असतो. बोट महिनोन् महिने उभी राहिली की त्याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून कडक होतात. नवा पंखा घातला, इंजिन चालवून पाहिलं, कुशीतल्या पाइपातून पाण्याची जाड धार पडली. इंजिन बंद केलं, धार तुटली. मी हात पुसत काठावर उभा होतो. आणि थोड्या वेळाने त्याच पाइपातून पुन्हा पाणी पडायला लागलं.

इंजिन बंद होतं. बंद इंजिनाचा पंप फिरत नाही. म्हणजे या पाइपात दुसरा कुठला तरी पंप पाणी टाकत होता. महेश आणि खलाशी धक्क्यावर बर्फ फोडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी परत खाली उतरलो.

पंप शोधायची माझी रीत एकच. पाणी बाहेर पडतं तिथून मागे मागे जायचं. पाइपाला हात लावत जायचं, थरथरतो तो जिवंत. मध्येच स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लाकडाला टेकवून मूठ कानाला लावायची, मोटारीचा आवाज असेल तर येतो. इंजिनाच्या पाइपाला धुराड्याच्या आड, जिथे कुणी गरम म्हणून हात घालत नाही तिथे, एक जोड दिलेला सापडला. त्यात पाणी उलटं फिरू नये म्हणून व्हॉल्व. तिथून काळा पाइप फळ्यांखालून पुढे बर्फाच्या खणाकडे गेलेला. काम इतकं सफाईदार होतं की मला, खरं सांगतो, आनंद झाला. कोणा मिस्त्रीने डोकं चालवून हे केलं होतं. तळातलं पाणी इंजिनाच्या पाण्यात मिसळून बाहेर काढायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं इंजिनाचंच पाणी पडतंय.

बर्फाच्या खणामागची फळी काढली. आत बॅटरीवर चालणारा पंप होता, पाणी वाढलं की आपोआप सुरू होणारा. तो थांबला, आणि मी टॉर्च धरून बसलो असतानाच पुन्हा सुरू झाला. फार वेळ गेला नव्हता. मी बोटीच्या बाजूच्या फळीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, यावेळी ऐकायला नाही. टोक आत गेलं. चहात बुडवलेल्या पावात जाईल तसं. माझा आनंद तिथेच संपला.

मागे सावली पडली. मामा गुडघे धरून शिडीवरून खाली उतरत होते. मला त्या फळीसमोर बसलेला पाहिलं आणि ते शेवटच्या पायरीवरच थांबले.

त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. चार वर्षांपूर्वी पाणी वाढलं तेव्हा महेश लग्नाच्या गडबडीत होता. मामांनी मुंबईहून मिस्त्री आणून गुपचूप हा पंप बसवून घेतला. महेशला ठाऊक नव्हतं. खलाशांना नव्हतं. सुनंदाला नव्हतं. पुढच्या वर्षी बोट वर ओढून फळ्या बदलू, असं दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी जमलं नाही. कारण बोट वर ओढली की सगळा गाव बघायला येतो.

मग म्हणाले, “याच्यापेक्षा मोठा पंप बसवा. तुमाला जमल.”

मी म्हणालो, “मामा, फळीच गेलीय. पंप मोठा करून काय होणार? भर समुद्रात बॅटरी बसली तर?”

मामांनी खालच्या आवाजात कान्हाचं नाव काढलं. कान्हा त्यांच्या आळीतला, लहानपणापासूनचा सोबती. त्याची बोट पाणी घ्यायची, तो ते लपवत नसे. मामांनी एका हळदीला भर मांडवात त्याला सुनावलं होतं की तुझी बोट आहे का चाळण आहे. सगळे हसले. त्या मोसमात कान्हाला खलाशी मिळाले नाहीत आणि त्याने बोट विकली. हे झाल्यावर वर्षाच्या आतच मामांच्या बोटीत पाणी यायला लागलं होतं.

“दहा मानसांत मी त्याला हसलोय,” मामा म्हणाले. “आता कुनाला सांगू? या खेपेला जाऊ द्या. परत आली की काढतो वर.”

वरून बर्फ टाकल्याचा आवाज यायला लागला. त्या खणाच्या पलीकडे, आम्ही होतो तिथून हातभर अंतरावर, टोपल्या रिकाम्या होत होत्या. महेशचा आवाज ऐकू येत होता. त्याची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

मी फळी बंद केली, स्क्रू आवळले आणि वर आलो. मी काही ठरवून आलो नव्हतो. महेशने विचारलं, झालं ना? माझ्या तोंडून निघालं, “नाही. पंप फुटला माझ्याकडून. आवळताना तडकला. बोट नाही जाणार.”

त्यानंतर काय काय ऐकून घेतलं ते सगळं लिहीत नाही. खलाशांत पोशाकाका सर्वांत वडील, मामांच्या वडिलांच्या वेळेपासून या बोटीवरचे. ते म्हणाले, “कंपनीतल्या मिस्त्रीला बोटीवर चढवला ही चूक आमचीच.” बाकीचे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या बोटी एकेक करून सुटत होत्या, बायका-पोरं धक्क्यावर उभी होती, आणि आमच्या बोटीवरचा बर्फ फावड्याने परत बाहेर निघत होता. दोन बोटींनी थोडा नेला, उरलेला धक्क्यावरच वितळला. त्याचं पाणी माझ्या पायांखालून वाहत होतं.

मी इंजिनाचा पंप खोलून पिशवीत घातला. न फुटलेला पंप तिथे ठेवून कसं चालेल. स्कूटरच्या पुढे ती पिशवी ठेवून निघालो तेव्हा मामा दोरखंडाच्या ढिगावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं, करतील.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सुनंदाला तिच्या वहिनीचा फोन आला होता. इतक्या वर्षांत तिने माहेरी माझी कधी बाजू मांडली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. आता ती विचारत होती, कसं फुटलं, तुम्ही तर रोज असे पंप खोलता. मी म्हटलं, होतं कधी कधी. त्या आठवड्यात माहेरी हळदीकुंकू होतं तिथे ती गेली नाही. मी खोटं बोललो होतो हे मला माहीत होतं, पंप धडधाकट पिशवीत होता हेही माहीत होतं, तरी मला जी लाज वाटत होती ती खोटी नव्हती. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाचा पंप आवळताना माझा हात अवघडायला लागला. आपल्याबद्दल चारजण एक गोष्ट म्हणायला लागले की ती हातात उतरते, हे मला तेव्हा कळलं.

आणि मामांचा रागही आला. बर्फ वितळताना एक शब्द बोलले असते तर. मग वाटायचं, बोलले नाहीत तेच बरं. मग पुन्हा राग यायचा.

महेश गप्प बसणारा नव्हता. त्याने भाऊच्या धक्क्यावरून दुसरा मिस्त्री बोलावला. तो नवा पंप घेऊन येणार, असं सुनंदाच्या वहिनीकडून कळलं. आता माझ्या खोटेपणाचा उपयोग संपला होता. पंप बसला की बोट जाणार होती. मी वर्कशॉप बंद करून धक्क्यावर गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो. महेशला बाजूला घेऊन सांगायचं, का सगळ्यांसमोर, का आधी मामांना विचारायचं, काही नक्की होत नव्हतं.

पोचलो तेव्हा पंप बसला होता. इंजिन सुरू होतं आणि पाण्याची धार पडत होती. बर्फ पुन्हा भरला होता. मला बघून पोशाकाका म्हणाले, “बगा जावई, असा बसवतात.” नवा मिस्त्री भला माणूस होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

मामा काठीला धरून उभे होते. ते म्हणाले, “पोशा, त्याला बोलू नको.”

पोशाकाकांना वाटलं जावयाचा मान म्हणून म्हणतायत. ते हसून पुढे काही म्हणणार होते. मामांनी महेशला इंजिन बंद करायला सांगितलं. महेशने बंद केलं. धार थांबली. सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होते आणि मामा पाइपाच्या तोंडाकडे. मला कळलं ते काय करतायत. मी त्यांना थांबवायला पुढे झालो असतो तर कदाचित थांबले असते. मी झालो नाही.

पाइपातून पाणी पडायला लागलं.

“जावयानं काय बिघडवला नाय,” मामा म्हणाले. “बोट पानी घेतेय. चार वर्सं झाली. मी लपवून पंप लावलाय, बर्फाच्या खनामागं. त्यानं पायला म्हनून त्यानं बोट थांबवली. तो बोलला नाय, आन् मीबी बोललो नाय.”

आवाज मोठा नव्हता, पण धक्क्यावर सगळ्यांना ऐकू गेला. महेश खाली उतरला. फळी निघाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो खालीच होता. वर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि बोटांच्या पेरांत लाकडाचा काळा भुगा होता. त्याने इंजिनाची किल्ली काढून खिशात टाकली आणि खलाशांना एवढंच म्हणाला की सामान उतरवा.

पोशाकाकांनी आपली वळकटी उचलली. मामांच्या समोरून जाताना थांबले. चार वर्षं ते या बोटीवर झोपले होते, त्या खणाच्या बरोबर वर. मला वाटलं आता बोलतील. ते वळकटी खांद्यावर घेऊन गावाच्या दिशेने चालू लागले. मामा तसेच काठी धरून उभे. कुणी त्यांना शिवी दिली असती तर त्यांना टेकायला काहीतरी मिळालं असतं.

बोट वर ओढली तेव्हा मामांना जी भीती होती तसंच झालं, गाव बघायला आला. बाहेरून फायबरचा थर चकचकीत, आणि तो खरवडल्यावर आतल्या तीन फळ्या हाताने सोलून निघाल्या. पोशाकाका आले होते. त्यांनी भोकात हात घालून बघितला, मग माझ्याकडे आले, खिशातून तंबाखूची डबी काढून माझ्यापुढे धरली. मी तंबाखू खात नाही हे त्यांना माहीत आहे. तरी मी चिमूट घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

त्या दिवसापासून धक्क्यावर मला फार मान मिळायला लागला. लोक चहा पाजायचे, बोट दाखवायला न्यायचे. सुनंदा माहेरी ताठ मानेने जायला लागली. आणि मला तिथे जावंसं वाटेना. शिव्या खाल्ल्या तेव्हाची लाज परवडली, असं म्हणायची पाळी आली. कारण मी घरात शिरलो की मामा उठून आतल्या खोलीत जायचे. त्यांच्याच घरात, त्यांच्याच गावात, मी त्यांच्यापेक्षा मोठा झालो होतो. मी काही त्यासाठी केलं नव्हतं, पण झालो होतो. पंपांचं काम त्यांनी त्या भाऊच्या धक्क्याच्या मिस्त्रीकडे दिलं. त्याने बसवलेल्या पंपाचं बेअरिंग वाजायचं. मी धक्क्यावरून ते ऐकायचो आणि काही बोलायचो नाही.

फळ्या बदलून बोट पुन्हा पाण्यात उतरली. महेश बापाशी कामापुरता बोलायला लागला. खलाशी परत आले, पोशाकाका सगळ्यांत शेवटी.

मग एका रविवारी आम्ही तिकडे जेवायला गेलो असताना मामा आतल्या खोलीतून चप्पल घालूनच बाहेर आले. म्हणाले, “जरा चला माज्यासंगती.” मला वाटलं, दुकानात जायचं असेल. ते आळीच्या टोकाला गेले आणि एका तीन मजली घरासमोर उभे राहिले. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, बाहेर त्यांच्या मोटारसायकली. खाली ओट्यावर एक म्हातारा जाळ्याचा तुकडा विणत बसला होता. जाळं कुठल्या बोटीचं नव्हतं, पोराच्या क्रिकेटच्या नेटचं होतं. तो कान्हा.

मामा ओट्यावर बसले, मी त्यांच्या मागे. कान्हाने आतून चहा मागवला. चहा आला, प्यायला, कप खाली ठेवले. मामा एकदा बोलायला गेले, घसा खाकरला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, एकट्याने यायचं धैर्य नव्हतं म्हणून मला आणलं होतं, आणि आता मी आहे म्हणून बोलता येत नव्हतं.

कान्हाने विणता विणताच विचारलं, “बोट कशी हाय?”

मामा म्हणाले, “पानी घेत व्हती.”

कान्हाने सुई थांबवली. गावात हे ऐकलं नाही असं एक माणूस नव्हतं. तरी त्याने, पहिल्यांदाच कळतंय अशा आवाजात, हळूच विचारलं, “कंच्या अंगाला?”

“डाव्या. बर्फाच्या खनामागं.”

“माजी उजव्या,” कान्हा म्हणाला आणि मामांना जवळ सरकायला जागा व्हावी म्हणून जाळं बाजूला सारलं.

मी उठलो, ओट्यावरून उतरलो आणि रस्त्याच्या पलीकडे, त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, पाठ करून उभा राहिलो.